गाडीचा एसी थंडावा देत नाही? गॅस भरण्यापूर्वी दोष ओळखा

उन्हाळा सुरू झाला की गॅरेजमध्ये येणाऱ्या वाहनधारकांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: एसी चालतो, पण थंडावा येत नाही. या तक्रारीवर बहुधा एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे गॅस भरण्याचा. गॅस भरला की गाडी थंड होते, वाहनधारक पैसे चुकते करून निघतो आणि कधी पंधरवड्यात, तर कधी पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार घेऊन परततो. दरम्यान मूळ दोष तसाच राहतो आणि कित्येकदा त्यापायी सर्वांत महाग भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, निकामी होतो.

एसीतील गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून त्याचा अत्यल्प अंश वर्षागणिक झिरपतो हे खरे. परंतु एकदा भरलेला गॅस वर्षाच्या आत कमी पडत असेल, तर कोठे तरी गळती आहे असेच समजावे. शिवाय थंडावा कमी होण्याच्या अनेक कारणांचा गॅसशी काहीच संबंध नसतो. लक्षणे नीट पारखली तर दोष कोणत्या भागात असावा याचा अंदाज वाहनधारकाला घरच्या घरी बांधता येतो आणि गॅरेजमध्ये नेमके प्रश्न विचारता येतात.

यंत्रणा कशी चालते

एसी गाडीच्या आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तप्त गॅस गाडीच्या पुढील जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तेथे वाऱ्याने आणि पंख्याने त्याची उष्णता निघून जाते व त्याचे द्रव बनते. ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून हे द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी येते. तेथील अरुंद छिद्रातून बाहेर पडताच त्याचा दाब एकदम उतरतो आणि ते डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये अतिशय थंड होऊन पुन्हा वायुरूप होऊ लागते. ब्लोअर केबिन फिल्टरमधून हवा ओढून या कॉइलवरून सोडतो. हवा थंड होते, तिच्यातील बाष्प कॉइलवर साचते आणि ते पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकते.

म्हणून एसी सुरू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी पडणे हा दोष नव्हे. गोव्याच्या दमट हवेत ते चांगलेच पडते. उलट दमट दिवशी अर्धा तास एसी चालवूनही खाली थेंब पडत नसेल, तर शंका घ्यावी.

दहा मिनिटांची प्राथमिक तपासणी

गाडी सावलीत, मोकळ्या जागी उभी करावी. इंजिन सुरू करून एसी लावावा, तापमानाचे बटण पूर्ण थंडीकडे न्यावे, ब्लोअर मधल्या वेगावर ठेवावा आणि आतलीच हवा फिरविण्याचे बटण दाबावे. त्यानंतर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. जाळीतून येणाऱ्या हवेचा झोत नेहमीसारखा जोरदार आहे का?

२. एसीचे बटण दाबताच बॉनेटखाली 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो का? काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो. तेथे आवाज न येणे हा दोष मानू नये.

३. कंडेन्सरचा पंखा सुरू होतो का?

४. मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून पाच ते दहा मिनिटे इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर ठेवल्यास तापमान किती उतरते? निरोगी यंत्रणेत ते साधारणपणे ५ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत येते. फार उष्ण व दमट दिवशी त्याहून दोन-तीन अंश अधिक राहू शकते.

५. इंजिन बंद केल्यानंतर एसीच्या दोन नळ्यांना अलगद स्पर्श करून पाहावा. जाड नळी थंड आणि दवाने ओली असावी, बारीक नळी कोमट ते गरम असावी. बारीक नळी चटका देण्याइतकी तापलेली असू शकते, म्हणून बोट टेकवताना जपावे. इंजिन चालू असताना बेल्ट व पंख्याजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही नेऊ नये. इंजिन बंद झाल्यावरही पंखा अचानक फिरू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

या पाच निरीक्षणांतून दोषाची दिशा बव्हंशी स्पष्ट होते.

हवा थंड, पण झोत कमकुवत

येथे गॅसला दोष देण्याचे कारण नाही. पहिला संशय केबिन फिल्टरवर घ्यावा. अनेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो आणि अवजारांशिवाय काढता येतो. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात किंवा लाल मातीच्या कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांचा फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीच्या बराच आधी तुंबतो. फिल्टर काढून ठेवताच झोत सुधारला, तर नवा फिल्टर हाच उपाय होय. मात्र फिल्टरविना गाडी चालवीत राहिल्यास तीच धूळ ओल्या कॉइलवर बसते, आणि कॉइल साफ करण्यासाठी कित्येक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो.

ब्लोअर केवळ सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल आणि बाकीच्या वेगांवर बंद पडत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता मोठी. हा भाग तुलनेने स्वस्त असतो.

झोत जोरदार, पण हवा गरम

कॉम्प्रेसर मुळीच सुरू होत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. तेही ठीक असतील तर गॅस कमी झाल्याची शक्यता येते, कारण दाब ठराविक पातळीखाली गेल्यास प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊच देत नाही. गॅसबरोबर फिरणारे तेलच कॉम्प्रेसरला वंगण पुरविते. ते पोहोचले नाही तर कॉम्प्रेसर आतून झिजेल, म्हणून ही सोय असते. काही जण तार जोडून हा स्विच वगळतात. तसे केल्यास शेकड्यांतील दुरुस्ती हजारांवर जाते.

कॉम्प्रेसर सुरू होऊन काही सेकंदांतच पुन्हा बंद होत असेल, तर ते बहुधा गॅस कमी असल्याचे चिन्ह असते. कॉम्प्रेसर चालतो, जाड नळीही थंडगार लागते, आणि तरीही जाळीतून गरम हवा येते, असे असेल तर शीतकरणाची बाजू निर्दोष आहे. डॅशबोर्डमागे गरम व थंड हवा मिसळणारी झडप अडकलेली असावी किंवा ती फिरविणारी लहान मोटर बिघडलेली असावी. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी उपयोग होत नाही.

गाडी धावताना थंडावा, कोंडीत गरम हवा

पर्वरीच्या कोंडीत गाडी थांबली की हवा गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा गारवा येतो, हा अनुभव दोष अचूक सांगतो. गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सरला थंड ठेवतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचे असते. पंख्याची मोटर मंदावली असेल, त्याचा रिले गेला असेल किंवा कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत माती आणि किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही. कंडेन्सरवर पाण्याची साधी धार सोडल्याबरोबर जाळीतील हवा थंड झाली, तर निदान पक्के झाले. अर्थात, झिजलेला कॉम्प्रेसरही इंजिनाच्या मंद गतीत कमी पडतो. पंखा व कंडेन्सर ठीक असतील तर तिकडे वळावे.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना एसी क्षणभर मंदावत असेल, तर मात्र घाबरू नये. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाची सारी शक्ती चाकांना मिळावी म्हणून अनेक गाड्या कॉम्प्रेसर थोडा वेळ स्वतःच बंद ठेवतात. इंजिन अति तापल्यावरही तसेच होते. त्या वेळी प्रथम तापमानाच्या काट्याकडे किंवा दिव्याकडे पाहावे. काटा वर चढलेला असेल, तर एसीचा विचार सोडून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

आधी थंडावा, अर्ध्या तासाने झोतच बंद

प्रवासाच्या सुरुवातीला गारवा उत्तम, पुढे झोत कमी होत जातो, आणि एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की सारे पूर्ववत होते. याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे. कॉइलचे तापमान शून्याच्या जवळ येताच कॉम्प्रेसर थांबविणे किंवा मंद करणे हे तेथील सेन्सरचे काम. तो बिघडला की बर्फ होतो आणि हवेची वाट अडते. तुंबलेला फिल्टर आणि कमी गॅस यांमुळेही असे घडते, त्यामुळे सेन्सर बदलण्यापूर्वी त्या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

झोत कायम राहूनही थंडावा मधूनमधून जात असेल, तर यंत्रणेत ओलावा शिरलेला असू शकतो. तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि गॅसची वाट अडवितो. तापल्यावर क्लच घसरत असला तरी असेच लक्षण दिसते.

वास, पाणी आणि आवाज

एसी सुरू करताच ओलसर, कुबट वास येणे हे कॉइलवर बुरशी वाढल्याचे लक्षण आहे. फिल्टर बदलून कॉइल फोमने साफ करून घ्यावी. मुक्कामाला पोहोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून ब्लोअर तेवढा चालू ठेवला, तर कॉइल वाळते आणि हा त्रास बराच कमी होतो. वास गोडसर असेल आणि काचेवर चिकट धुके येत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असावे. वास असह्य असेल, तर पावसाळ्यात आसऱ्याला आलेल्या उंदराने ब्लोअरमध्ये घर केले नाही ना, ते पाहावे. उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे 'अचानक बंद पडलेल्या' एसीमागेही ते असू शकतात.

पुढच्या आसनापाशी पायाखालची चटई ओली होत असेल, तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे. काम किरकोळ असले तरी ते टाळू नये. साचलेले पाणी पत्र्याला गंज आणते आणि चटईखालून जाणाऱ्या वायरिंगचे नुकसान करते.

एसी लावताच किंचाळल्यासारखा आवाज येणे म्हणजे बेल्ट सैल किंवा जीर्ण झाला आहे. एसी बंद असतानाही सतत घरघर येत असेल तर पुलीचे बेअरिंग, आणि फक्त एसी चालू असताना ठोके ऐकू येत असतील तर कॉम्प्रेसर तपासावा. एसी बंद केल्यानंतर काही क्षण येणारा 'फुस्स' आवाज दाब समान होण्याचा असतो. तो स्वाभाविक आहे.

गळतीचा शोध

गॅस कमी असल्याचे ठरले की पुढचे पाऊल गळती शोधण्याचे. गॅसबरोबर तेलही झिरपते, त्यामुळे जोडांवर किंवा नळीवर तेलकट धूळ साचलेली दिसली की ती जागा संशयित समजावी. गॅरेजमध्ये यंत्रणेत नायट्रोजनचा दाब भरून साबणाचा फेस लावतात, अतिनील प्रकाशात चमकणारा रंग सोडतात किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरतात. गॅस भरण्याच्या तोंडातील छोटी पिन, जोडांमधील रबरी ओ-रिंग, कॉम्प्रेसरचे सील, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल ही गळतीची नेहमीची ठिकाणे. कॉइलची गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी सापडते.

किनारपट्टीवर कंडेन्सरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. समुद्रावरील खारी हवा अ‍ॅल्युमिनियमला खाते, पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते आणि कालांतराने नळीला सूक्ष्म छिद्र पडते. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा कंडेन्सर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या मंद धारेने धुवावा. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारल्यास नाजूक पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते.

गेजवरील आकडे काय सांगतात

मेकॅनिक दोन गेज लावतो, तेव्हा ते वाचता आले तर संवाद सोपा होतो. आर-१३४ए हा गॅस असलेल्या गाडीत, सुमारे ३० अंश तापमानात, कॉम्प्रेसर चालू असताना निळ्या गेजवर साधारण २५ ते ४५ आणि लाल गेजवर साधारण १५० ते २५० पीएसआय दाब अपेक्षित असतो. गाडीगणिक यात फरक पडतो. तरी दिशा पुढीलप्रमाणे असते.

दोन्ही दाब कमी: गॅस कमी, म्हणजेच गळती.

दोन्ही दाब जास्त: पंखा किंवा कंडेन्सरचा दोष, अथवा गॅस प्रमाणाबाहेर भरलेला.

निळा जास्त आणि लाल कमी: कॉम्प्रेसर आतून झिजलेला.

निळा अगदी कमी, शून्याकडे झुकणारा: एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायरमध्ये अडथळा.

बंद गाडीत गेजवर दाब दिसतो, म्हणून गॅस पुरेसा आहे असे मात्र मानू नये. यंत्रणेत थोडेसे जरी द्रव शिल्लक असले तरी ३० अंशांना दोन्ही गेज ९५ ते १०० पीएसआयच्या आसपासच दाखवितात. निदान चालू कॉम्प्रेसरवरच होते.

गॅस भरताना काय पाहावे

गॅसचा प्रकार आणि नेमके वजन बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेले असते. लहान मोटारीत ते बहुधा ४०० ते ६०० ग्रॅमच्या दरम्यान असते. एवढ्या अल्प मापात १०० ग्रॅमची चूकही थंडावा घटविते. म्हणून गॅस अंदाजाने नव्हे, तर वजन करून भरून घ्यावा. दुरुस्तीसाठी नळ्या उघडल्या असतील तर ड्रायर बदलावा आणि गॅस भरण्यापूर्वी निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढावा. त्यामुळे हवा व ओलावा निघून जातो. शिवाय पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम टिकतो का, हे पाहून मोठी गळती लक्षात येते.

यात केवळ खिशाचा प्रश्न नाही. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन थराला घातक असणारा आर-१२ हा गॅस मोटारींतून हद्दपार झाला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला अपाय करीत नाही, परंतु वातावरण तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. दरवर्षी गळतीवर गॅस भरीत राहणे म्हणजे दरवर्षी तेवढा गॅस हवेत सोडणे होय. जुना गॅस मोकळ्या हवेत न सोडता यंत्राने काढून घेणारे गॅरेज निवडावे.

हा भाग घरी करण्याजोगा नाही. दाबाखालील गॅस त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास हिमदाह होतो आणि ज्योतीशी संपर्क आल्यास त्यातून विषारी वायू तयार होतात. विजेवर धावणाऱ्या व काही हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यांच्या नारिंगी तारांना हात न लावता प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच जावे.

जीवाशी गाठ

गॅरेजमध्ये पाऊल ठेवताना तीन प्रश्न विचारावेत: गॅस गेला असेल तर कोठून गेला? तो किती ग्रॅम भरणार? कोणता भाग का बदलायचा, ते गेजवर दाखविता येईल का? प्रामाणिक मेकॅनिकला हे प्रश्न खटकत नाहीत.

निगेचा एक साधा नियम आहे. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यातही, दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरत राहिल्याने कॉम्प्रेसरचे सील वाळत नाही. बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांच्या गाड्या महिनोन् महिने अंगणात उभ्या असतात; घरच्या मंडळींना एवढे सांगून ठेवले तरी पुष्कळ. पावसात पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला धुके धरले, तर एसी लावून बाहेरची हवा आत घ्यावी. धुके बाहेरच्या बाजूला असेल तर वायपर फिरवून आतील तापमान थोडे वाढवावे.

शेवटी, एसी ठीक असला तरी एक मर्यादा पाळलीच पाहिजे. बंद गॅरेजात किंवा रस्त्याकडेला काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो. तसेच उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते. लहान मूल, वृद्ध माणूस किंवा पाळीव प्राणी यांना 'पाच मिनिटांत येतो' म्हणूनही आत ठेवू नये. चालू ठेवलेला एसी त्या पाच मिनिटांत बंद पडणार नाही, याची हमी कोणतीही गाडी देत नाही.